एका रविवारची फ्रेंच संविधान सभा : अभिरूप सत्र कसं भरवावं

फ्रेंच राज्यक्रांती शिकवताना बास्तीयच्या पाडावावरून थेट गिलोटिनवर उडी मारली जाते, आणि मधली राष्ट्रीय संविधान सभा राहूनच जाते. 1789 च्या जूनपासून 1791 च्या सप्टेंबरपर्यंत, म्हणजे जेमतेम सव्वादोन वर्षांत, या सभेने सरंजामी हक्क, कर, न्यायालयं, प्रांतांच्या सीमा, चर्चची मालमत्ता, कारागिरांचे संघ, मतदान, वजनमापं अशा सगळ्याला हात घातला. या निर्णयांची तारीखवार यादी पाठ केली तर परीक्षेपर्यंत टिकते, समजत मात्र काही नाही. समजून घ्यायचं असेल तर ते निर्णय ओळीने स्वतः घेऊन बघावेत आणि प्रत्येक निर्णयाचं बिल पुढच्या निर्णयाच्या नावावर कसं फाडलं जातं ते पाहावं. खालची आखणी ठाणे आणि नवी मुंबईतली महाविद्यालयं, अभ्यासिका आणि वाचनालयांच्या युवक गटांसाठी आहे. अभिरूप संसदेचा सराव असलेल्यांना ती सहज जमेल.

माणसं, जागा, सामान

एकूण 42 जण लागतात : 32 प्रतिनिधी, 8 जण गॅलरीत, एक राजा आणि एक हिशेबनीस. प्रतिनिधींची वाटणी खऱ्या सभेच्या प्रमाणात ठेवा. धर्मगुरू 8, उमराव 8, तिसरा वर्ग (म्हणजे या दोन्हींत न मोडणारी बाकी सारी प्रजा) 16. आठ धर्मगुरूंपैकी सहा गावचे पाद्री आणि दोनच बिशप असू द्या. प्रत्यक्षातही पाद्रीच बहुसंख्य होते आणि पहिल्या सत्राचा निकाल त्यांच्याच हातात आहे. तिसऱ्या वर्गाच्या सोळांत दहा-अकरा वकील आणि सरकारी अधिकारी, उरलेले व्यापारी, जमीनमालक, एखादा डॉक्टर. इथे शेतमजूर घालायचा मोह होतो, तो टाळा. तो सभागृहात नव्हताच, म्हणून त्याची जागा गॅलरीत.

गॅलरीतले आठ जण असे : पॅरिसच्या बाजारातल्या दोन विक्रेत्या, एक घरगडी, एक शेतमजूर, जमीनदाराला खंड देणारा एक लहान शेतकरी, रोजंदारीवरचा एक सुतार, पूर्वेकडच्या आल्सास प्रांतातला एक ज्यू व्यापारी आणि सँ-दोमिंग या वसाहतीतला एक स्वतंत्र मिश्रवंशीय मळेवाला.

सभागृह लांबट हवं. नौपाड्यातल्या शाळेचा हॉल असो की नेरुळच्या सोसायटीचं क्लबहाऊस, स्टेज वापरू नका. खुर्च्या दोन लांब बाजूंना समोरासमोर मांडा आणि अध्यक्षाचं टेबल एका बाजूच्या मधोमध ठेवा. पॅरिसला गेल्यावर सभा घोडेस्वारीच्या तालमीच्या, म्हणजे 'मानेज'च्या, इमारतीत भरत असे. ती अशीच लांबट आणि अरुंद होती आणि आवाज पोहोचवताना वक्त्यांचा घसा बसे. पत्र्याच्या छपराखाली पावसाळ्यात हे सत्र ठेवू नका, एक वाक्य ऐकू येणार नाही.

सामानात एक घंटा, एक मोठा फळा, 120 चिठ्ठ्या, बारा कार्डशीट, ट्रेसिंग पेपरचे चार मोठे ताव आणि अविभक्त ठाणे जिल्ह्याचा नकाशा एवढं पुरे. फळ्यावर तीन रकाने आखा : काय गेलं, त्याचे पैसे कोण भरणार, कोण नाराज झालं. हा फळा हिशेबनीसाच्या ताब्यात. दिवसभरात काही कापावं लागलं तर भाषणं कापा, फळा मात्र ठेवाच.

भूमिकेच्या चिठ्ठ्या दोन आठवडे आधी वाटा. चिठ्ठीवर पेशा, प्रांत, वार्षिक उत्पन्न आणि मतदारांनी दिलेल्या तीन तक्रारी असाव्यात. 1789 च्या वसंतात गावोगावी अशा तक्रारवह्या लिहिल्या गेल्या होत्या. इथे हमखास होणारी चूक म्हणजे सगळेजण 'स्वातंत्र्य, समता, बंधुता' लिहून मोकळे होतात. खऱ्या वह्यांत मिठावरचा कर होता, जमीनदाराच्या कबुतरांनी फस्त केलेलं बी होतं, चर्चला द्यायचा पिकाचा दशांश होता, रस्त्यावरची वेठ होती. राजाला काढून टाका अशी मागणी त्यांत नव्हती. हे आधी सांगितलं नाही तर सकाळी दहा वाजताच सभा प्रजासत्ताक जाहीर करते आणि दिवस फुकट जातो.

पहिलं सत्र : मतं मोजायची कशी (30 मिनिटं)

एकच प्रश्न मांडा : करात सगळ्यांना सारखं वागवायचं का? आधी वर्गवार मतदान घ्या, एका वर्गाला एक मत. निकाल दोनास एक असा वरच्या वर्गांच्या बाजूने लागतो. मग तोच प्रश्न डोकी मोजून घ्या. 16 विरुद्ध 16 होतात आणि सगळ्यांच्या नजरा सहा पाद्र्यांकडे वळतात. त्यांतले दोन-तीन फुटले की पारडं फिरतं. 13 जून 1789 ला प्वातू प्रांताचे तीन पाद्री तिसऱ्या वर्गात जाऊन बसले आणि बांध फुटला. 17 जूनला तिसऱ्या वर्गाने स्वतःला राष्ट्रीय सभा म्हणवून घेतलं. 20 जूनला टेनिस कोर्टवर, संविधान केल्याशिवाय पांगायचं नाही, अशी शपथ झाली आणि 9 जुलैला सभेने संविधान सभा हे नाव घेतलं. शपथेचं नाट्य करण्यात वेळ घालवू नका, मोजणीतच सगळं आहे.

इथून पुढे मतदान उभं राहून करायचं. बाजूने असलेले उभे राहतील, मग विरुद्ध असलेले. शंका आली तर नावं पुकारायची. खरी सभाही असंच करी. हात वर करून घेतलं तर कुंपणावरचे लपून जातात.

दुसरं सत्र : 4 ऑगस्टची रात्र (75 मिनिटं)

याला भरपूर वेळ द्या. कार्डशीट कापून हक्कांची कार्डं बनवा : शिकारीचा हक्क, कबुतरखाना, जमीनदाराचं न्यायालय, वेठ, दशांश, रोख खंड, धान्याचा खंड, विकत घेतलेलं न्यायाधीशपद, प्रांताची खास करसवलत. ती उमराव, धर्मगुरू आणि काही वकिलांत वाटा. वकिलांनाही द्यायचीच, कारण पदं विकत घेणारे तेच होते. मग गॅलरीने बातम्या ओरडायच्या : गावागावांत वाडे पेटलेत, खंडाची कागदपत्रं जाळली जातायत. व्हिकोंत द नोआय आणि द्युक द एगियों या दोन उमरावांनी सुरुवात केली होती. तुमच्याकडेही उमरावांनीच पहिलं कार्ड खोक्यात टाकावं. वीस मिनिटांत खोकं भरतं आणि टाळ्या वाजतात.

टाळ्या ओसरल्या की खरं काम सुरू करा. 5 ते 11 ऑगस्टदरम्यान सभेने त्या रात्रीच्या घोषणांचा कायदा केला. सरंजामशाही पूर्णपणे नष्ट करण्यात येत आहे, असं त्यात पहिल्याच कलमात लिहिलं, आणि लगेच हक्कांचे दोन ढीग केले. माणसावरचे हक्क, म्हणजे भूदासपण, वेठ, शिकार, कबुतरखाना, जमीनदाराचं न्यायालय, हे मोबदल्याशिवाय गेले. जमिनीवरचे खंड मात्र मालमत्ता मानले गेले आणि शेतकऱ्याने पैसे भरून ते सोडवून घ्यायचे ठरले. 3 मे 1790 च्या कायद्याने दर ठरला : रोख खंडाच्या 20 पट, धान्याच्या खंडाच्या 25 पट.

आता गॅलरीतल्या लहान शेतकऱ्याला फळ्यापाशी बोलवा आणि हिशेब त्यालाच करू द्या. समजा, तो वर्षाला 6 लिव्र (तेव्हाचं फ्रेंच चलन) रोख आणि 4 लिव्र किमतीचं धान्य देतो. 6 गुणिले 20 म्हणजे 120, 4 गुणिले 25 म्हणजे 100, एकूण 220 लिव्र. मतदानाच्या पात्रतेसाठी दिवसाची मजुरी जास्तीत जास्त 20 सू, म्हणजे 1 लिव्र, धरावी असं सभेनेच ठरवलं होतं. त्या मापाने ही 220 दिवसांची मजुरी झाली, तीही एकदम काढून द्यायची आणि त्या काळात पोटाला काही लावायचं नाही. 'सरंजामशाही नष्ट' हे वाक्य आणि 220 हा आकडा फळ्यावर शेजारी शेजारी लिहा. गावांनी ऐकलं पहिलं आणि हातात आला दुसरा, म्हणून बऱ्याच ठिकाणी लोकांनी खंड देणंच सोडलं. शेवटी 17 जुलै 1793 ला कन्व्हेन्शनने, म्हणजे या सभेनंतरच्या विधानसभेच्याही नंतर आलेल्या सभेने, तो मोबदल्याशिवाय रद्द केला.

दशांश खोक्यात गेला, त्याला मोबदला नाही. हिशेबनीसाने तो 'काय गेलं' रकान्यात लिहावा आणि समोरची जागा रिकामी ठेवावी. ती चौथ्या सत्रात भरायची आहे.

तिसरं सत्र : जाहीरनामा, नकाराधिकार आणि खुर्च्या हलवणं (40 मिनिटं)

26 ऑगस्ट 1789 च्या हक्कांच्या जाहीरनाम्यात 17 कलमं आहेत. सगळी वाचू नका. पहिलं, तिसरं, सहावं, दहावं आणि सतरावं घ्या. सतराव्यात मालमत्ता 'पवित्र आणि अनुल्लंघनीय' आहे. मघाचे 220 लिव्र कुठून आले ते तिथे दिसतं.

मग दोन मतदानं : दुसरं सभागृह हवं का, आणि राजाला नकाराधिकार किती? प्रत्यक्षात 10 सप्टेंबरला दुसरं सभागृह 849 विरुद्ध 89 मतांनी फेटाळलं गेलं. दुसऱ्या दिवशी राजाला कायदा लांबवण्यापुरता नकाराधिकार 673 विरुद्ध 325 मतांनी मिळाला. तुमचे आकडे वेगळे येतील, येऊ द्या. फक्त अध्यक्षाच्या उजव्या आणि डाव्या हाताला कोण जाऊन बसतंय याकडे लक्ष ठेवा. राजकारणातलं डावं-उजवं याच बैठकांत रुळलं.

राजाला शेजारच्या खोलीत बसवा. ऑगस्टचे कायदे त्याच्याकडे पाठवा आणि त्याने सही टाळावी. जेवणाच्या सुट्टीनंतर गॅलरीतल्या दोघी विक्रेत्यांनी त्याला सभागृहात आणायचं, आणि गॅलरीचं बाक प्रतिनिधींच्या खुर्च्यांना टेकवायचं. 5-6 ऑक्टोबरला व्हर्सायहून राजा पॅरिसला आणला गेला आणि पाठोपाठ सभाही गेली. एवढ्याशा हलवाहलवीने पुढच्या सत्रांतली भाषणं बदलतात. मागून कुणी हुर्यो करत असेल तर माणूस वेगळं बोलतो.

चौथं सत्र : चर्चची जमीन आणि कागदी पैसा (60 मिनिटं)

हिशेबनीसाने रिकामी जागा दाखवून विचारावं : दशांश गेला, तर पाद्र्याचा पगार, शाळा, इस्पितळं कोण चालवणार? शिवाय राज्याच्या डोक्यावर जुनं कर्ज आहे आणि ते बुडवायचं नाही, असं सभेचं आधीच ठरलंय. ही कोंडी फुटेपर्यंत चर्चा थांबवू नका. तोडगा एका बिशपनेच, तालेराँने, 10 ऑक्टोबरला सुचवला होता, म्हणून तुमच्याकडेही तो बिशपच्याच चिठ्ठीत लिहून ठेवा. 2 नोव्हेंबर 1789 ला चर्चची मालमत्ता राष्ट्राच्या हाती आली. बदल्यात उपासनेचा, पाद्र्यांचा आणि गरिबांच्या मदतीचा खर्च राष्ट्राने उचलला. गावच्या पाद्र्याला घराशिवाय वर्षाला किमान 1200 लिव्र ठरले. आधी त्यांच्यातल्या गरिबांना 700 मिळत. सहा पाद्री इथे खूश होतात, त्यांना होऊ द्या.

आता चिठ्ठ्या काढा. एक चिठ्ठी म्हणजे 1 कोटी लिव्रचं 'असिन्या'. पहिल्यांदा फक्त 40 वाटा. डिसेंबर 1789 मध्ये 40 कोटींचीच मंजुरी होती आणि ते तेव्हा चलन नव्हतं, 5 टक्के व्याजाचं रोखं होतं. जमीन विकत घेताना ते स्वीकारायचं आणि परत आलं की जाळायचं. तुम्ही फाडा. उरलेल्या कार्डशीटचे बारा जमिनीचे तुकडे करा आणि लिलाव पुकारा. बारा वर्षांच्या हप्त्यांची सोय सांगा, तीही खरीच होती. तरी बहुतेक तुकडे वकील, व्यापारी आणि ऐपतदार शेतकऱ्यांकडे जातात. शेतमजूर तोंड उघडायच्या आत लिलाव संपलेला असतो.

मग खजिन्याकडून मागणी आणा : तिजोरी रिकामी, जुने कर लोक भरत नाहीत, नवे अजून बसलेले नाहीत. सप्टेंबर 1790 मध्ये सभेने आणखी 80 कोटींना हात घातला, या वेळी बिनव्याजी आणि रीतसर चलन म्हणून. उरलेल्या 80 चिठ्ठ्या वाटून पुन्हा लिलाव घ्या. त्याच जमिनीची बोली कशी चढते ते आकड्यांत लिहून ठेवा. काही गट पहिल्याच फेरीत सगळ्या 120 चिठ्ठ्या वाटून टाकतात. तसं केलं तर रोख्याचं चलन कसं झालं, हा मुद्दाच निसटतो.

पाचवं सत्र : नकाशा (60 मिनिटं)

ट्रेसिंग पेपरचे तीन ताव एकावर एक ठेवा. एकावर बिशपांचे प्रदेश, दुसऱ्यावर न्यायालयांचे, तिसऱ्यावर कराचे. सीमा कुठेच जुळू देऊ नका. जुन्या फ्रान्समध्ये एकाच माणसाचा बिशप एका शहरात, न्यायालय दुसऱ्या आणि कर तिसऱ्याच ठिकाणी असायचा. मिठाचा भाव तर प्रांत ओलांडला की अनेक पटींनी बदले. मिठागरांच्या कडेने वाढलेल्या आपल्या गावांतली मुलं हा मुद्दा लगेच पकडतात. तो कर मार्च 1790 मध्ये गेला, देशांतर्गत जकात त्याच वर्षाअखेरीस.

आता अविभक्त ठाणे जिल्ह्याचा नकाशा पसरा. 1 ऑगस्ट 2014 ला त्यातून पालघर वेगळा झाला. सात तालुके इकडे राहिले, आठ तिकडे गेले. गटाने चौथ्या तावावर तो नव्याने वाटायचा, पण सभेच्या नियमाने : कुठल्याही गावच्या माणसाला मुख्यालय गाठायला एका दिवसाहून जास्त प्रवास पडू नये. गाड्या नाहीत असं धरा. मोखाडा ते ठाणे रस्त्याने शंभर किलोमीटरहून जास्त आहे, त्यामुळे पहिल्याच रेषेवर वाद पेटतो. आधी सभेच्या सीमा आखणाऱ्या समितीसारखी, म्हणजे तूरे या प्रतिनिधीच्या समितीसारखी, चौकोनी जाळी टाकून बघा. तिने प्रत्येक बाजू 18 लीगची (लीग हे तेव्हाचं अंतराचं माप) सुचवली होती. खाडी, डोंगर, जंगल कापत चौकोन पुढे जातात आणि या जाळीला विरोध करणाऱ्या मिराबो या प्रतिनिधीचा आक्षेप काय होता ते न सांगता कळतं. भूगोल, लोकसंख्या, जुन्या सवयी यांना मान देऊन सीमा वळवल्या गेल्या आणि 1790 च्या सुरुवातीला 83 विभाग झाले. नावं द्यायची ती नद्या आणि डोंगरांची. जुन्या प्रांतांचा अभिमान पुसायचा म्हणून तिकडे मार्न, जुरा अशी नावं पडली. तुम्ही उल्हास, वैतरणा, सूर्या वापरा, शहराचं नाव बाद.

मुख्यालय पालघरला की जव्हारला, कल्याणला की शहापूरला, यावर आवाज चढतात. चढू द्या. फ्रान्सच्या शहरांनीही आपापली शिष्टमंडळं सभेकडे धाडली होती आणि काही विभागांत मुख्यालय आळीपाळीने फिरवायचं ठरवून वेळ मारून नेली होती.

मतदार कोण (25 मिनिटं) आणि भराभर घ्यायचे कायदे

गॅलरीतल्या आठही जणांना एकेक करून चाळणीतून काढा. 22 डिसेंबर 1789 चा नियम : पुरुष, वय 25 पूर्ण, एक वर्षाचा रहिवास, तीन दिवसांच्या मजुरीएवढा थेट कर, आणि कुणाच्या घरी नोकर नको. विक्रेत्या बाद, घरगडी बाद, शेतमजूर बहुधा बाद. शेतकरी आणि सुतार कराच्या आकड्यावर तरतात किंवा बुडतात. पुढच्या पायरीचा निर्वाचक, म्हणजे प्रतिनिधी निवडणारा, व्हायला दहा दिवसांच्या मजुरीचा कर लागे. ज्यू व्यापाऱ्याला 'नंतर बघू' सांगून बसवा. आल्सासच्या ज्यूंना 27 सप्टेंबर 1791 ला, सभा मोडायच्या तीन दिवस आधी, हक्क मिळाला. सँ-दोमिंगच्या मळेवाल्याला 15 मे 1791 च्या कायद्याने उभं करा (आईबाप स्वतंत्र असतील तरच) आणि तो हक्क काढून घेणारा 24 सप्टेंबरचा कायदा वाचून पुन्हा बसवा. वसाहतींतल्या गुलामांचं नाव या यादीत कुठेच नाही. सभेने गुलामगिरीला तिथे हात लावला नाही, हे फळ्यावर ठळक लिहा.

न्यायालयं, वंशपरंपरागत उमरावकीचा अंत (19 जून 1790), मोठ्या मुलाचा खास वारसाहक्क रद्द होणं, मीटरचा निर्णय, हे सगळं पंधरा मिनिटांत वाचून मतदानाला टाका. एक कायदा मात्र वगळू नका. मार्च 1791 मध्ये कारागिरांचे संघ बंद झाले आणि धंदा सर्वांना मोकळा झाला. 14 जूनच्या ल शापलिए कायद्याने मजुरांना मजुरीसाठी एकत्र यायलाही बंदी घातली. सुताराला दोन्ही कायदे वाचून दाखवा आणि त्याला तीन मिनिटं बोलू द्या. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या घरांतून आलेल्या मुलांना यावर पुष्कळ बोलायचं असतं. फ्रान्समध्ये संप गुन्हा राहिला नाही तो 1864 पासून, कामगार संघटना कायदेशीर झाल्या 1884 मध्ये.

शेवटचं सत्र : शपथ (45 मिनिटं)

सगळी साखळी इथे येऊन तुटते. चर्चची जमीन गेली, म्हणून पाद्री पगारी झाले. पगारी झाले, म्हणून त्यांचे प्रदेश विभागांशी जुळवले गेले आणि बिशप 83 उरले. विभागातले अधिकारी निवडणुकीने येतात, मग पाद्री आणि बिशपही निवडायचे ठरले, आणि त्या निर्वाचकांत प्रॉटेस्टंटही असू शकत. हा 12 जुलै 1790 चा धर्मगुरूंचा नागरी कायदा. पोपला विचारलं नव्हतं. 27 नोव्हेंबरला शपथ सक्तीची झाली : राष्ट्र, कायदा आणि राजाशी निष्ठा, आणि सभेने केलेलं संविधान पूर्ण ताकदीने राखणं. नकार दिला तर पद गेलं.

आठही धर्मगुरूंना एकेक करून पुढे बोलवा. उत्तर फक्त 'शपथ घेतो' किंवा 'घेत नाही'. कुणी 'श्रद्धेला बाधा न येता' असं जोडायला लागला की अध्यक्षाने घंटा वाजवायची. 4 जानेवारी 1791 ला सभेत नेमकं असंच घडलं, अटी घालून दिलेली शपथ चालली नाही. तयारी नसेल तर आजची मुलं सहज 'घेतो' म्हणून मोकळी होतात. म्हणून आदल्या दिवशी प्रत्येकाला त्याच्या गावची चिठ्ठी द्या. पश्चिमेकडच्या ब्रतान्य प्रांतातल्या पाद्र्याचं गाव म्हणतं, शपथ घेतलीस तर तुझ्या हातून मुलाचा बाप्तिस्मा करणार नाही. पॅरिसजवळच्या गावाचं म्हणणं उलट. एकाची म्हातारी आई त्याच्या 1200 लिव्रवर जगते. अशा चिठ्ठ्या असल्या की सभागृह गप्प होतं आणि उत्तराला वेळ लागतो. आब्बे ग्रेगवार या पाद्र्याने सर्वांत आधी शपथ घेतली होती. देशभरातल्या गावच्या पाद्र्यांपैकी साधारण निम्म्यांनी घेतली, बिशपांपैकी केवळ सात जणांनी. नकार देणाऱ्यांची गावं प्रामुख्याने पश्चिमेला, उत्तरेला आणि आल्सासमध्ये होती. पहिल्या सत्रात ज्या सहा पाद्र्यांनी सभा घडवली, त्यांचीच नावं हिशेबनीसाने आता तिसऱ्या रकान्यात लिहायची.

उरलेल्या वेळात राजाने पळून जाण्याचा प्रयत्न करावा (20-21 जून 1791), त्याला व्हारेन गावात पकडून परत आणलं जावं आणि त्याने 14 सप्टेंबरला संविधानाची शपथ घ्यावी. मग 16 मे 1791 चा रोबेस्पिएरचा ठराव मतदानाला टाका : या सभेतल्या कुणालाही पुढच्या विधानसभेत निवडून येता येणार नाही. 30 सप्टेंबरला सभा मोडली. दुसऱ्या दिवसापासून 745 नवे प्रतिनिधी बसले, ज्यांना या कामाचा एका दिवसाचाही अनुभव नव्हता.

पुढच्या रविवारी विधानसभेचं सत्र घ्यायचं असेल तर 32 नवे प्रतिनिधी नेमा, आधीच्यांना गॅलरीत बसवा. फळ्याचा फोटो काढून ठेवा आणि दुसऱ्या लिलावातल्या बोल्यांचे आकडे जपा. नव्या सभेचं पहिलं कामकाज त्या आकड्यांपासून आणि शपथ नाकारलेल्या पाद्र्यांच्या यादीपासून सुरू होतं.